बारीक दिसते, फिकट दिसते का?

डोळ्यांच्या दवाखान्यात समोरच्या भिंतीवर तोच तो तक्ता असतो. वर एक मोठे अक्षर आणि खाली क्रमाक्रमाने लहान होत गेलेल्या ओळी. तळाजवळची ओळ वाचता आली की कागदावर ६/६ असे लिहिले जाते आणि दृष्टी उत्तम असल्याचा दाखलाच हाती पडतो. तरी काही माणसे हा दाखला खिशात ठेवून तक्रार करीतच राहतात. ‘अक्षरे वाचता येतात हो, पण सगळे धुतल्यासारखे दिसते.’ ‘तिन्हीसांजेला पायरी कुठे संपली तेच कळत नाही.’ विसाव्या शतकाच्या मोठ्या भागात अशा तक्रारीला डॉक्टरांजवळ उत्तर नव्हते, कारण ती मोजण्याचे साधन त्यांच्या खोलीत नव्हते. आणि जे मोजता येत नाही ते रुग्णाच्या मनाचे खेळ आहेत, असे ठरायला फारसा वेळ लागत नाही.

वास्तविक या मोजमापाचा अर्धा भाग १७६० सालीच छापून झालेला होता. उरलेला अर्धाही त्याच सुमारास तयार होता. हे दोन अर्धे एकमेकांना भेटायला मात्र जवळजवळ दोनशे वर्षे लागली, आणि ती भेट घडवून आणली एका दूरचित्रवाणीच्या इंजिनिअरने. ती हकीकत पाहू.

पिएर बूगे (१६९८–१७५८) हा फ्रेंच गणिती. पृथ्वीचा आकार ठरवण्यासाठी १७३५ मध्ये फ्रान्सहून जी मोहीम दक्षिण अमेरिकेत विषुववृत्तावर गेली, तिच्यात तो होता. पण त्याचा खरा जिव्हाळ्याचा विषय प्रकाश मोजणे हा. आज आपल्याकडे प्रकाशमापक यंत्रे आहेत. बूगेजवळ एकच यंत्र होते, ते म्हणजे त्याचा डोळा. या यंत्राचा स्वभाव त्याने अचूक ओळखला. एखादा दिवा दुसऱ्याच्या किती पट तेजस्वी आहे, हे डोळ्याला सांगता येत नाही. मात्र शेजारीशेजारी ठेवलेले दोन उजेड सारखे आहेत की नाहीत, हे तो चांगले सांगतो. ही युक्ती वापरून, मेणबत्तीला मध्यस्थ करून, बूगेने सूर्याचा प्रकाश पौर्णिमेच्या चंद्राच्या सुमारे ३ लाख पट असल्याचे काढले. आजचा आकडा ४ लाखांच्या आसपास आहे. मेणबत्तीच्या मानाने हे उत्तर थक्क करणारेच म्हटले पाहिजे.

पण ‘सारखे’ म्हणजे किती सारखे? यंत्र वापरायचे तर त्याची चूक किती, हे आधी कळायला हवे. त्यासाठी बूगेने केलेला प्रयोग इतका साधा आहे की अंधाऱ्या वर्गात तो आजही करता येईल. एका पांढऱ्या पडद्यासमोर दोन सारख्या मेणबत्त्या लावायच्या, एक जवळ आणि एक दूर. दूरच्या मेणबत्तीच्या वाटेत एक काठी उभी करायची म्हणजे पडद्यावर काठीची सावली पडेल. सावलीच्या जागी फक्त जवळच्या मेणबत्तीचा उजेड पोहोचतो, आणि सावलीच्या आजूबाजूला दोन्ही मेणबत्त्यांचा. आता दूरची मेणबत्ती आणखी दूर नेत जायचे. सावली फिकट होत जाते आणि एका क्षणी दिसेनाशी होते. बूगेच्या बाबतीत हा क्षण आला तेव्हा दुसरी मेणबत्ती पहिलीच्या आठपट अंतरावर होती. प्रकाश अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात कमी होतो, म्हणजे तिचा उजेड पहिलीच्या १/६४ एवढाच उरला होता. उजेडातला चौसष्टाव्या भागाहून लहान फरक बूगेच्या डोळ्याला दिसत नव्हता. हा प्रयोग त्याच्या मृत्यूनंतर, १७६० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रकाशविषयक ग्रंथात आहे. मानवी डोळ्याची फिकटपणाची मर्यादा आकड्यात मांडणाऱ्या पहिल्या प्रयोगांपैकी तो एक होय.

शंभर वर्षांनी या आकड्याला तत्त्वज्ञानाचे वजन आले. लायप्झिगचा गुस्टाफ फेखनर हा आधी भौतिकशास्त्राचा प्राध्यापक होता. रंगीत काचांतून सूर्याकडे टक लावून पाहण्याचे प्रयोग त्याने केले आणि १८४० च्या सुमारास स्वतःचे डोळे बिघडवून घेतले. (हे प्रयोग वर्गात सांगावेत, पण करू देऊ नयेत.) सुमारे तीन वर्षे तो अंधाऱ्या खोलीत होता आणि प्राध्यापकपदही सुटले. बरा झाल्यावर मन आणि जड वस्तू यांचा संबंध मोजायचा ध्यास त्याने घेतला. एके दिवशी आकाशात त्याला ढगांच्या दोन छटा दिसल्या, जेमतेम वेगळ्या ओळखू येणाऱ्या. त्याने डोळ्यांपुढे करड्या काचा धरल्या. उजेड बराच कमी झाला, दोन्ही छटांतला प्रत्यक्ष फरकही त्याच प्रमाणात घटला, पण छटा पूर्वीइतक्याच जेमतेम वेगळ्या दिसत राहिल्या. याचा अर्थ असा की डोळा वजाबाकी करीत नाही, गुणोत्तर पाहतो. एर्न्स्ट वेबरने वजने उचलण्याच्या बाबतीत हेच आधी दाखवले होते. फेखनरचा मेहुणा फोल्कमान याने बूगेचा सावलीचा प्रयोग वेगवेगळ्या उजेडांत करून पाहिला, तेव्हा गुणोत्तर सुमारे १/१०० आले. १८६० मध्ये फेखनरचा मनोभौतिकीवरचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. संवेदना मोजण्याचे शास्त्र तेथपासून सुरू झाले असे मानतात.

हा झाला फिकटपणाचा धागा. दुसरा धागा बारकाव्याचा, आणि तो खगोलशास्त्रज्ञांच्या हातातून आला. दोन तारे किती जवळ असले तरी वेगळे दिसतील, हा त्यांच्या धंद्यातला प्रश्न होता. रॉबर्ट हूकने सतराव्या शतकातच याचे उत्तर दिले होते. सुमारे १ मिनिट, म्हणजे अंशाचा साठावा भाग. चंद्राची कोष्टके करणारा ग्यॉटिंगेनचा टोबियास मायर याने १७५५ मध्ये ताऱ्यांऐवजी कागदावर काळे-पांढरे पट्टे ओढले आणि किती अंतरावर ते एकमेकांत मिसळतात हे पाहिले. मेणबत्ती जवळ-दूर करून कमी उजेडात ही मर्यादा कशी बदलते, तेही मोजले. पुढे १८६२ मध्ये हॉलंडमधील उट्रेख्टच्या हेर्मान स्नेलेनने याच १ मिनिटावर आपला तक्ता उभा केला. त्यातल्या ६/६ च्या ओळीतील अक्षर ६ मीटरवरून ५ मिनिटांचा कोन करते, म्हणजे ते सुमारे पावणेनऊ मिलिमीटर उंच असते. अक्षराच्या रेषेची जाडी १ मिनिट असते.

स्नेलेनचा तक्ता स्वस्त, झटपट आणि कोणालाही वापरता येणारा होता. चष्म्याचा नंबर काढायला त्याच्यासारखे दुसरे साधन नाही, हे मान्य केलेच पाहिजे. पण त्याच्या यशातच एक अडचण दडलेली होती. अक्षरे नेहमी ठार काळी आणि कागद स्वच्छ पांढरा. जगातल्या बहुतेक वस्तू अशा नसतात. चेहऱ्यावरची सुरकुती, सिमेंटच्या जिन्याच्या पायरीची कड, धुक्यातून येणारी सायकल, यांत उजेडाचा फरक थोडाच असतो. तक्ता विचारतो, ‘किती लहान दिसते?’ तो हे विचारीत नाही की ‘किती फिकट दिसते?’ डेन्मार्कच्या यान्निक बियेरुमने १८८४ मध्येच करड्या, फिकट अक्षरांचे तक्ते करून ही उणीव भरून काढायचा प्रयत्न केला, आणि १९१८ मध्ये इंग्लंडमधील जॉर्ज यंगने पातळ केलेल्या शाईचे ठिपके कागदावर टाकून. दोघांचेही फारसे कोणी मनावर घेतले नाही.

याला एक खरे कारण होते. फिकटपणा आणि बारकावा या दोन वेगळ्या परीक्षा मानल्या, तर दुसरी परीक्षा ही निव्वळ जादा काम ठरते. दोन्ही एकाच आलेखावर मांडल्या, तरच तिची गरज दिसते. हा आलेख काढला ऑटो शाडे यांनी. जर्मनीत जन्मलेले शाडे अमेरिकेत आरसीए कंपनीत काम करीत. त्यांचा प्रश्न व्यापारी होता. दूरचित्रवाणीच्या साखळीत कॅमेऱ्याचे भिंग, कॅमेऱ्याची नळी, प्रवर्धक, पडदा अशा अनेक कड्या आहेत आणि प्रत्येक कडी चित्र थोडे पुसट करते. मग शेवटची कडी, प्रेक्षकाचा डोळा, तिचा हिशेब कसा करायचा? इंजिनिअर ध्वनिवर्धकाची परीक्षा घेतात तशी त्यांनी डोळ्याची घेतली. ध्वनिवर्धकाला एकेक शुद्ध सूर देऊन तो किती वाढतो ते पाहतात. शाडे यांनी डोळ्याला शुद्ध ‘सुरां’सारखे पट्टे दाखवले. यातले पट्टे काळ्यावरून एकदम पांढऱ्यावर जात नाहीत, तर साइन वक्राप्रमाणे हळूहळू उजळतात आणि हळूहळू काळवंडतात.

येथे दोन संज्ञा स्पष्ट करून घेऊ. पट्टे किती बारीक आहेत हे सांगण्यासाठी, डोळ्याशी १ अंशाचा कोन होईल एवढ्या जागेत काळ्या-पांढऱ्याच्या किती जोड्या मावतात ते मोजतात. ५७ सेंटिमीटरवर ठेवलेल्या पट्टीवरचा १ सेंटिमीटर म्हणजे बरोबर १ अंश. म्हणून १ मिलिमीटर काळी, १ मिलिमीटर पांढरी अशा रेघा ५७ सेंटिमीटरवर धरल्या तर अंशाला ५ जोड्या होतात, आणि त्याच रेघा सुमारे ३.४ मीटरवर नेल्या तर ३०. दुसरी संज्ञा कॉन्ट्रास्ट, म्हणजे उठाव. सर्वांत उजळ आणि सर्वांत काळ्या जागेच्या उजेडातील फरकाला त्यांच्या बेरजेने भागायचे. ठार काळ्यावर पांढरे असेल तर उत्तर १ येते आणि सगळे सारखे करडे असेल तर शून्य. ही व्याख्या अल्बर्ट मायकेलसन यांची, प्रकाशाच्या व्यतिकरण पट्ट्यांसाठी केलेली.

शाडे यांचा आलेख १९५६ मध्ये प्रसिद्ध झाला. पट्टे फार बारीक केले की ते दिसायला जास्त कॉन्ट्रास्ट लागतो, हे अपेक्षितच होते. गंमत दुसऱ्या टोकाला होती. पट्टे फार रुंद केले तरी जास्त कॉन्ट्रास्ट लागत होता! डोळा मधल्या मापाला सर्वांत तल्लख असतो. चांगल्या उजेडात अंशाला साधारण ३ ते ५ जोड्या असताना १ टक्क्याहूनही कमी कॉन्ट्रास्ट पुरतो, आणि ५० ते ६० जोड्यांच्या पुढे शंभर टक्के कॉन्ट्रास्टही उपयोगी पडत नाही. या आलेखावर स्नेलेनचा तक्ता कुठे येतो? अगदी उजव्या कोपऱ्यात, जेथे वक्र जमिनीला टेकतो त्या एका बिंदूजवळ. बाकी सगळा डोंगर तक्त्याने कधी पाहिलाच नव्हता.

रुंद पट्ट्यांचे कोडे त्याच सुमारास शरीरशास्त्रज्ञ सोडवीत होते. स्टीफन कुफ्लर यांनी १९५३ मध्ये मांजराच्या दृष्टिपटलातील चेतापेशींचे निरीक्षण प्रसिद्ध केले. पेशीच्या वाट्याला आलेल्या छोट्या वर्तुळाच्या मध्यावर उजेड पडला की ती उत्तेजित होते, पण भोवतालच्या कड्यावर उजेड पडला तर दबते (काही पेशींत याच्या उलट). संपूर्ण वर्तुळावर सारखाच उजेड पडला तर दोन्ही परिणाम एकमेकांना खोडतात. फार रुंद पट्टा अशा पेशीला सपाट पडद्यासारखाच असतो. बारीक टोकाची मर्यादा समजायला सोपी आहे. दृष्टिपटलाच्या मध्यभागी शंकुपेशींमधले अंतर सुमारे अर्ध्या मिनिटाचे असते, आणि एका जोडीला निदान दोन पेशी तरी हव्यात.

यानंतरचे नाव फर्गस कॅम्बेल यांचे. ग्लासगोला वैद्यकाचे शिक्षण घेतलेले कॅम्बेल केंब्रिजच्या शरीरक्रियाविज्ञान प्रयोगशाळेत होते. पट्टे अंधुक दिसण्यात डोळ्याच्या भिंगाचा दोष किती आणि मज्जासंस्थेचा किती, हे त्यांना वेगळे करायचे होते. नुकताच शोध लागलेला लेसर कामी आला. लेसरचे दोन किरण डोळ्यात सोडले की व्यतिकरणाने थेट दृष्टिपटलावर पट्टे उमटतात, भिंग त्यांना पुसट करू शकत नाही. कॅम्बेल आणि डॅनिएल ग्रीन यांनी १९६५ मध्ये अशा पट्ट्यांची आणि पडद्यावरच्या साध्या पट्ट्यांची तुलना प्रसिद्ध केली. दोन आलेखांतले अंतर म्हणजे भिंगाचा वाटा, उरलेला वाटा मज्जेचा. एका वजाबाकीत दोन आरोपी वेगळे झाले.

१९६८ चा कॅम्बेल आणि जॉन रॉबसन यांचा निबंध याहून धाडसी होता. तो समजायला संगीताची मदत घेऊ. तंबोऱ्याच्या एका तारेत मूळ सुराबरोबर अनेक वरचे सूर मिसळलेले असतात आणि तयार कानाला ते वेगळे ऐकू येतात. फूर्येच्या गणिताप्रमाणे (१८२२) धारदार कडांचे पट्टेही असेच मिश्रण असतात. मूळ साइन पट्टा, त्यात एक-तृतीयांश जोराचा तिप्पट बारीक पट्टा, एक-पंचमांश जोराचा पाचपट बारीक पट्टा, असे पुढे. कॅम्बेल आणि रॉबसन यांनी विचारले की डोळाही हे मिश्रण सुटे करतो का? फिकट पट्ट्यांचा कॉन्ट्रास्ट हळूहळू वाढवत नेला, तेव्हा धारदार पट्टे साइन पट्ट्यांच्या आधी दिसू लागले. मूळ पट्ट्याचा जोर गणिताप्रमाणे १.२७ पट असतो, आणि जवळजवळ तेवढाच हा फरक होता. दिसले तरी ते धारदार आहेत हे कळत नव्हते. कॉन्ट्रास्ट आणखी वाढवला आणि त्यातला तिप्पट बारीक पट्टा स्वतःच्या बळावर दिसण्याजोगा झाला, तेव्हाच ‘हे वेगळे आहेत’ असे निरीक्षक म्हणू लागला. रुंद आणि बारीक पट्ट्यांसाठी मेंदूकडे जाणारे जणू वेगवेगळे मार्ग आहेत, असा त्याचा अर्थ त्यांनी लावला. पुढच्याच वर्षी कॉलिन ब्लेकमोर आणि कॅम्बेल यांनी माणसांना एका मापाचे ठळक पट्टे काही वेळ पाहायला लावले. त्यानंतर त्याच मापाचे, त्याच दिशेचे फिकट पट्टे दिसेनासे झाले. साधारण सप्तकाभर वरच्या-खालच्या मापांवर परिणाम झाला, त्यापलीकडे नाही. एकच मार्ग थकला होता, बाकीचे ताजे होते. मेंदू खरोखर फूर्येचे गणित करतो असा काहींनी पुढे जो उत्साही निष्कर्ष काढला, तो मला जरा जास्तच वाटतो. पण निरनिराळ्या मापांना निरनिराळे मार्ग आहेत, एवढी गोष्ट टिकली आहे.

कॅम्बेल आणि रॉबसन यांच्या नावाने ओळखले जाणारे एक चित्र विद्यार्थ्यांना अवश्य दाखवावे. त्यात डावीकडून उजवीकडे पट्टे बारीक होत जातात आणि खालून वर फिकट. कोणत्याही आडव्या ओळीत कॉन्ट्रास्ट सगळीकडे सारखाच असतो. तरीही पाहणाऱ्याला पट्टे एका डोंगराच्या आकारात संपलेले दिसतात. हा डोंगर कागदावर छापलेला नसतो. चित्र दूर नेले की डोंगराचे शिखर डावीकडे सरकते.

आता दवाखान्याकडे वळू. १९७२ मध्ये इव्हान बोडिस-वोल्नर यांनी मेंदूला इजा झालेल्या रुग्णांचे असे आलेख प्रसिद्ध केले. अक्षरे जवळजवळ नीट वाचणाऱ्या रुग्णांचाही आलेख खचलेला होता. १९७७ मध्ये डेव्हिड रीगन आणि सहकाऱ्यांना मल्टिपल स्क्लेरोसिसच्या काही रुग्णांत आलेखाचा मधलाच भाग खाली बसलेला आढळला, उजवा कोपरा मात्र शाबूत. म्हणजे तक्त्यावर ६/६ आणि तरी ‘धुतल्यासारखे दिसते’ ही तक्रार शब्दशः खरी! प्रारंभीचा मोतीबिंदूही डोळ्यात प्रकाश विखरून हेच करतो. त्याच सुमारास अमेरिकन हवाई दलाचे आर्थर गिन्सबर्ग वैमानिकांच्या परीक्षेच्या मागे होते. धावपट्टीवरची अस्पष्ट वस्तू कोणता वैमानिक आधी ओळखेल, याचा अंदाज तक्त्यावरच्या आकड्यापेक्षा कॉन्ट्रास्टच्या आलेखावरून चांगला बांधता येतो, असे त्यांच्या गटाने १९८२ मध्ये दाखवले.

पण दवाखान्यात पट्ट्यांचे यंत्र मांडायला वेळ कोणाला? शिवाय ‘दिसतात का?’ या प्रश्नात एक खोच आहे. भिडस्त माणूस खात्री झाल्याशिवाय हो म्हणत नाही, उतावळा आधीच म्हणतो. यावर १९८८ मध्ये डेनिस पेली, जॉन रॉबसन आणि आर्नल्ड विल्किन्स यांनी तोडगा काढला. त्यांच्या तक्त्यात सगळी अक्षरे एकाच मापाची आणि चांगली मोठी, पाच सेंटिमीटरच्या आसपास. तीन-तीन अक्षरांचे १६ गट असून दर गटाला कॉन्ट्रास्ट १.४ पटीने उतरतो, तो शंभर टक्क्यांवरून अर्ध्या टक्क्याच्या जवळपास येतो. १ मीटरवर उभे राहून वाचायचे, न दिसले तरी अंदाजाने अक्षर सांगायचेच. हो-नाहीचा प्रश्नच उरला नाही, आणि परीक्षा काही मिनिटांत संपते. दृष्टिचेतेच्या दाहावरील उपचारांची जी मोठी चाचणी अमेरिकेत झाली आणि जिचे निष्कर्ष १९९२ पासून प्रसिद्ध होऊ लागले, तिच्यात हा तक्ता वापरला गेला. अक्षर न ओळखणाऱ्या लहान मुलांसाठी फिनलंडच्या लेया ह्युवारिनेन यांनी घर, सफरचंद अशा आकृत्यांचे फिकट तक्ते केले आहेत.

शिक्षकांच्या दृष्टीने या आलेखाचा सगळ्यात जवळचा उपयोग फळ्यावर आहे. समजा, स्वच्छ काळा फळा १०० भागांपैकी ५ भाग उजेड परत पाठवतो आणि खडूची रेघ ६० भाग. कॉन्ट्रास्ट ५५ भागिले ६५, म्हणजे ०.८५. कोरड्या डस्टरने पुसून पुसून फळा करडा झाला की फळा २० आणि रेघ ५०, असे होईल. कॉन्ट्रास्ट ०.४३. आता खिडकीतला उजेड फळ्यावरून चमकून मुलांच्या डोळ्यात येतो असे धरू. ही चकाकी फळा आणि रेघ दोघांवरही सारखीच, समजा ४० भाग, मिसळते. फळा ६०, रेघ ९०, कॉन्ट्रास्ट ०.२. रेघ होती तेवढीच जाड आहे, पण आलेखावर ती चौपट खाली घसरली. निरोगी डोळ्याजवळ जाड रेघेपुरती शिल्लक असते. सर्वांत आधी जातो तो अनुस्वार, मग रफार, मग ऱ्हस्व-दीर्घ वेलांटीतला फरक, कारण बारीक खुणेला सर्वांत जास्त कॉन्ट्रास्ट लागतो. चकाकी कोणत्या बाकावर येते हे दिवसाच्या वेळेवर अवलंबून असते, म्हणून एकच मुलगा सकाळी बरोबर आणि दुपारी चुकीचे उतरवतो.

हे तपासायला यंत्र लागत नाही. अनुस्वार आणि रफार असलेले दहा शब्द ओल्या फडक्याने पुसलेल्या फळ्यावर लिहावेत आणि मागच्या बाकांवरच्या मुलांना उतरवून घ्यायला सांगावे. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी, त्याच मुलांना, त्याच जागी, धुळकट फळ्यावर वेगळे दहा शब्द द्यावेत. दोन्ही दिवशी चुकणाऱ्या मुलाला बहुधा चष्मा हवा असेल. पहिल्या दिवशी सगळे बरोबर आणि दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांपेक्षा फारच जास्त चुका, असे ज्याचे होईल त्याच्या पालकांना बोलावून मुलाला नेत्रतज्ज्ञांकडे पाठवावे. बरोबरच्या चिठ्ठीत फक्त ‘नीट दिसत नाही’ असे न लिहिता ‘ठळक दिसते, फिकट दिसत नाही’ असे लिहावे.